बाहुलीच्या पायातली चप्पल आणि बाबांचा राग

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. विक्रोळीला कन्नमवार नगरात आईबाबांसोबत राहते. दिवसा एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते आणि रात्री बाहुल्यांसाठी चपला, मोजड्या, कधी बूट बनवते. जास्त करून बार्बीच्या मापाचे. ओळखीतून, ऑनलाइन थोडीफार विक्री होते. वांद्र्याच्या एका बाईंनी लग्नात पाहुण्यांना भेट द्यायला नऊवारी नेसवलेल्या बाहुल्या करायला घेतल्या आहेत. या बाहुल्यांसाठी त्यांना कोल्हापुरी चपलांचे २४ जोड हवेत. जोडाला ८० रुपये देते म्हणतात. मला एका जोडाला तीन तास लागतात. शिवाय चप्पल बाहुलीच्या पायात नीट बसत नाही, टाच वरच राहते आणि बाहुली पुढे कलंडते. आणि कितीही मन लावून केली तरी चप्पल जाडजूड, बोजड दिसते.

आणखी एक अडचण घरची आहे. माझे आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, दादरला स्टेशनाबाहेर गटई काम, म्हणजे चपला-बूट दुरुस्तीचं काम करायचे. बाबा लहानपणी त्यांच्याशेजारी बसून सगळं शिकले. पुढे बेस्टमध्ये लागले आणि मग कधी कातडं टोचायच्या आरीला हात लावला नाही. माझ्या हातात कातडं कापायची रापी पाहिली तेव्हा म्हणाले, "जिच्यापायी माझा बाप जन्मभर लोकांच्या पायाशी बसला, ती तू घरात आणलीस?" तेव्हापासून ते झोपले की मी स्वयंपाकघरात बसून काम करते. काय करू?

उत्तर : आधी चपलेचं बोलू, कारण त्यातली अर्धी अडचण तुझ्या हाताची नाहीच, बाहुलीच्या पायाची आहे.

बार्बी १९५९ साली आली तीच उंच टाचेच्या सँडलसाठी घडवलेला पाय घेऊन. तिचा चवडा खाली आणि टाच हवेत असते. अशा पायाला सपाट कोल्हापुरी कशी बसणार? तू कितीही मापात कापलीस तरी टाच वर राहणारच. २०१५ मध्ये घोटा हलणाऱ्या बार्बी आल्या, त्यांचा पाय सपाट करता येतो. २०१६ मध्ये उंच, बुटकी आणि भरदार अशा वेगवेगळ्या बांध्यांच्या आल्या, आणि त्यांच्या पायांची मापंही एकसारखी नाहीत. म्हणजे 'बार्बीच्या मापाची चप्पल' असं एक माप आता उरलेलंच नाही. म्हणून त्या बाईंना पहिला प्रश्न हा विचार की बाहुल्या नेमक्या कुठल्या आहेत आणि सगळ्या एकाच प्रकारच्या आहेत का. त्यातली एक बाहुली हातात आल्याशिवाय कातड्याला पातं लावू नकोस.

बाहुल्या अजून घेतल्या नसतील तर सपाट पायाच्या किंवा घोटा हलणाऱ्या घ्यायला सांग. घेऊन झाल्या असतील आणि पाय चवड्यावरचा असेल, तर टाचेखाली उतरता उंचवटा द्यावा लागेल. कॉर्कचा तुकडा तासून त्याला कातड्याची पट्टी गुंडाळली की तो छान दिसतो, आणि टाचेची कोल्हापुरी आता दुकानातही मिळते, त्यामुळे कुणाला खटकणार नाही. पाचवारी असती तर निऱ्यांत पाय झाकले गेले असते. नऊवारीत पावलं उघडी, सगळ्यांचे डोळे तिथेच जाणार.

बाहुली आली की तिचा पाय घेऊन ठेव. चप्पल काय किंवा बूट काय, तो चित्रावरून बनत नाही, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर बनतो, हे तुझ्या आजोबांच्या धंद्यातलं पहिलं सूत्र बाहुलीलाही लागू आहे. दरवेळी गिऱ्हाइकाची बाहुली मागवणं शक्य नसतं, म्हणून फर्मा घरीच कर. शाडूची माती लालबाग-परळच्या मूर्तिशाळांकडे मिळते, मूठभर पुरते. ती मळून घे, बाहुलीच्या पायाला पावडर लाव आणि पाय घोट्यापर्यंत मातीत दाबून अलगद काढ. त्या खड्ड्यात एमसील मळून भर आणि रात्रभर तसंच ठेव. सकाळी माती धुतलीस की कडक पाय हातात येतो, पॉलिश पेपरनं घास. डावा-उजवा दोन्ही कर. त्यांच्यावर बाहुलीचं नाव लिहून डबीत ठेव. वर्षभरात तुझ्याकडे अशा पायांचा चांगला संच जमेल आणि कुठल्याही मापाची मागणी आली तरी घाबरायचं कारण उरणार नाही.

मोजडी किंवा बूट करताना त्याच फर्म्यावर आधी क्लिंग फिल्म गुंडाळ, वरून मास्किंग टेप चिकटव. त्यावर पेन्सिलीनं बुटाची कड आणि मधली रेघ काढ, मग रेघेवरून कापून टेप सपाट पसर. तोच तुझा कागदी नमुना. एका पायाचा नमुना काढलास की दुसऱ्यासाठी तो उलटा करून ठेवायचा. दोन्ही उजवे कापले जाणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची नासाडी आहे, २४ जोडांत तर हमखास होते.

आता बोजडपणा. तू हात कितीही हलका केलास तरी तो जाणार नाही, कारण प्रश्न मालाच्या जाडीचा आहे. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एकषष्ठांश. खऱ्या कोल्हापुरीचा तळ एक सेंटिमीटर धरला तर बाहुलीच्या चपलेचा तळ जेमतेम पावणेदोन मिलिमीटर व्हायला हवा. अडीच सेंटिमीटरचा पट्टा तिच्या पायात चार मिलिमीटरचा. तू बहुतेक पर्स-पिशव्यांचं कातडं वापरतेस. ते एकेरीच दीड मिलिमीटरच्या घरात असतं. त्याचे दोन थर चिकटवलेस की तळ तीन मिलिमीटर झाला, माणसाच्या मापात जवळजवळ दोन सेंटिमीटर. बोजड दिसणारच ती.

तळाला ०.८ मिलिमीटर आणि पट्ट्याला ०.५ मिलिमीटरच्या आसपासचं कातडं शोध. बकरी-मेंढीचं अस्तराचं कातडं असतं, ते या कामाला फार चांगलं. धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडच्या बाजूला कातड्याची दुकानं आहेत आणि आत गल्ल्यांमध्ये पर्स-पाकिटांचे कारखाने. तुला अख्खं कातडं नकोच आहे, कारखान्यातली कतरण हवी. हाताच्या पंजाएवढ्या कतरणीत तळाचे बरेच जोड निघतात. जाताना छोटं डिजिटल व्हर्निअर घेऊन जा आणि प्रत्येक तुकडा मोजून घे. जाडच मिळाला तर तिथल्याच एखाद्या कारागिराला विचार. 'स्कायविंग' म्हटलंस की कळेल, मशीनवर पट्टी तासून देतात. रेक्झिन मात्र घेऊ नकोस. कापल्यावर त्याच्या कडेला खालचं कापड दिसतं, आणि इतक्या लहान वस्तूत ती एक पांढरी रेघ सगळा दिमाख घालवते. शिवाय मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पोपडे निघतात. लग्नाची आठवण म्हणून दिलेल्या वस्तूचं असं होऊ नये.

कातडं कात्रीनं कापू नकोस. कात्रीत ते ताणलं जातं आणि कड वाकडी येते. कटरचं नवं पातं घे, खाली मॅट ठेव आणि एका ओढीत काप. पातं दर दोन-तीन जोडांनंतर मोडून नवं टोक काढ, तिथे काटकसर करायची नाही.

खरी कोल्हापुरी खिळ्याशिवाय बनते. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं चामड्याच्याच वादीनं शिवतात. ती वादी एकषष्ठांश करायला गेलीस तर टाका अर्ध्या मिलिमीटरचा होईल, तेव्हा खरे टाके घालण्याचा हट्ट सोड. कातडं किंचित ओलं करून सुईच्या टोकानं समान अंतरावर ठिपके दाब, वाळल्यावर ते टाक्यांसारखे दिसतात. वेणीत मात्र कसूर नको, कारण कोल्हापुरी ओळखली जाते ती वेणी आणि गोंड्यावरून. अँकरच्या भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात. ते सुटे कर आणि एकेक पदर घेऊन तीन पदरांची वेणी घाल. एका पदराऐवजी बारीक जर घेतलीस तर नऊवारीच्या काठाला शोभून दिसेल. लाल गोंडाही त्याच दोऱ्याचा. मला विचारशील तर तीन तासांतला सगळ्यात सुखाचा वेळ हाच असतो.

पट्टा तळाच्या कडेला बाहेरून चिकटवू नकोस. वरच्या थराला बारीक चीर दे, पट्ट्याचं टोक तासून निमुळतं कर, चिरेतून खाली घे आणि दोन थरांच्या मध्ये चिकटव. कान (बाजूच्या पाकळ्या) आणि अंगठाही (अंगठ्यात अडकणारी पट्टी) तसेच. मग बाहेर कुठे गोंद दिसत नाही आणि पट्टा सुटतही नाही. हे फेविक्विकनं करत असशील तर थांबव. ते काचेसारखं कडक होतं, कातडं वाकलं की तडकतं आणि आजूबाजूला पांढरी झाक धरते, दमट दिवसांत तर जास्तच. चप्पलवाले वापरतात ते रबराचं सोल्यूशन आण. टूथपिकनं दोन्ही बाजूंना पातळ थर लाव, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांब आणि मग एकदाच नीट दाब. त्याचा वास डोक्यात जातो आणि ते पेट घेणारं असतं. रात्री दार लावून, गॅसजवळ, बंद स्वयंपाकघरात तू हे करतेस हे वाचून मला काळजी वाटली. खिडकी उघडी हवी आणि शेगडी लांब हवी, याला पर्याय नाही.

अजून एक गोष्ट त्या बाईंना नक्की सांग. गडद रंगाच्या कातड्याचा रंग बाहुलीच्या पायाच्या प्लास्टिकमध्ये उतरतो आणि मग निघत नाही. कातडं वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेव. फडक्याला रंग लागला तर ते कातडं बाद. पास झालेल्या कातड्यालाही वरच्या बाजूनं पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचा हात दे.

आता बाबांचं.

त्यांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हा राग कातड्यावरचा नाही. दादर स्टेशनाबाहेर खाली बसलेल्या माणसाशी लोक कसे बोलतात, ते तुझ्या बाबांनी शेजारी बसून पाहिलंय. पाय तोंडासमोर धरून बोलतात. दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, आणि ज्याच्या हातानं चप्पल दुरुस्त करून घेतली त्याच्या हाताला आपला हात लागू नये म्हणून पैसे वरून टाकतात. आपल्या बापाशी जग असं वागताना पाहिलेल्या मुलानं ठरवलं की आपली मुलं इथे बसणार नाहीत, आणि त्यानं ते करून दाखवलं. तू रापी हातात घेतलीस की त्यांना तू दिसत नाहीस, तो फूटपाथ दिसतो.

म्हणून 'बाबा, आता काळ बदललाय' असं त्यांना सांगायला जाऊ नकोस. किती बदललाय आणि किती नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तोच हात, तेच कातडं, तीच आरी एसी प्रदर्शनात मांडली तर लोक कौतुकानं हजार रुपये देतात आणि स्टेशनाबाहेर दहा रुपये देताना कुरकुरतात, हा अन्याय आहे, आणि तो बाबांना स्वच्छ दिसतो. त्यांना चूक ठरवून तुझं काम मोठं होणार नाही.

त्यांना एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, आणि ती खरी आहे. आजोबांना हे काम सोडायची सोय नव्हती, तुला आहे. तुझ्या हातात हिशेबाची नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, भाव पटला नाही तर 'नाही' म्हणायची मुभा आहे. ही मुभा तुला बाबांच्या बेस्टमधल्या नोकरीनं मिळवून दिली. ती मिळाली म्हणूनच तू हे काम आवडीनं करू शकतेस. हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. रागाच्या भरात नको, जेवणाच्या ताटावर नको. सुट्टीच्या दिवशी चहाच्या वेळी, ते मोकळे असतील तेव्हा.

आणि चोरून काम करणं बंद कर. लपवलंस की त्यात लाजेसारखं काही आहे हे तूच मान्य केल्यासारखं होतं, आणि नेमकी तीच गोष्ट बाबांना बोचतेय. खिडकीपाशी एक टेबल-खुर्ची मांड आणि त्यावर दिव्याच्या उजेडात काम कर. खाली जमिनीवर बसू नकोस. तुझ्या कमरेसाठी तर ते बरंच, पण बाबांच्या डोळ्यांसाठी जास्त. हिशेबाची वही त्याच टेबलावर उघडी असू दे.

त्यांच्याकडून शिकायला मिळावं असं तुला वाटतंय, हे पत्रात तू लिहिलं नाहीस तरी मला दिसलं. आज मागू नकोस. आजोबांबद्दल विचार. गावाकडे कुणाच्या चपला करायचे, कुठल्या धाटणीच्या, मुंबईला कसे आले. बोलले तर ऐक, नाही बोलले तर विषय सोड. त्यांनी कधीच आरीला हात लावला नाही तरी तो त्यांचा हक्क आहे. तंत्र शिकायला दुसरी दारं आहेत. चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बूट बनवणारे कितीतरी कारागीर आहेत. एखाद्या रविवारी जा, त्यांच्या वेळेचे पैसे देते म्हणून आधीच सांग आणि पट्टा कसा तासतात, फर्म्यावर कसा ओढतात ते बघून घे. फुकट शिकवा म्हणू नकोस.

यातूनच ८० रुपयांची गोष्ट येते. तीन तासांना ८० म्हणजे तासाला २७ रुपयेसुद्धा नाहीत, आणि त्यातूनच माल आणायचा. या भावाला तू हे काम घेतलंस तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल. वांद्र्याच्या लग्नातलं हे काम असलं तरी भाव स्टेशनाबाहेरचाच झाला. त्या बाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना या कामाला किती वेळ लागतो याची कल्पना नाही, आणि ती देणं तुझं काम आहे.

एकेक जोड पूर्ण करत बसू नकोस. एका दिवशी सगळे तळ काप, दुसऱ्या दिवशी सगळे पट्टे, मग सगळ्या वेण्या, शेवटी जोडणी. अशा पद्धतीनं तीन तासांचं काम दीड तासावर यायला हवं. तासाचे १५० रुपये धरलेस तर मजुरी २२५. कातडं, दोरा, सोल्यूशन, पॅकिंग आणि नासलेल्या जोडांचे मिळून ३५. जोडाला २६० रुपये, २४ जोडांचे ६,२४० रुपये, आणि ३,१२० आगाऊ. एकूण ३६ तासांचं काम, रोज संध्याकाळी तीन तास दिलेस तर बारा संध्याकाळी. ऑफिस सांभाळून तीन आठवडे माग. पावसाळ्यातलं लग्न असेल तर तयार जोड बटर पेपरमध्ये गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्या घाल. दमट कातडं प्लास्टिकमध्ये बंद केलं की त्याला बुरशी धरते.

कायद्याच्या दोन गोष्टी थोडक्यात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा दर्जा मिळाला. तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. आजोबांचा सातारा त्यात असला तरी तुझं काम विक्रोळीत होतं, म्हणून लेबलवर 'कोल्हापुरी धाटणीची' असं लिही. दुसरं, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ही नोंदणी तू करून घे, पुढे उपयोगी पडेल. आत्ताच्या जोडांवर 'शोभेची वस्तू, लहान मुलांच्या हाती देऊ नये' अशी चिठ्ठी घाल. इतकी छोटी चप्पल तान्ह्याच्या तोंडात सहज जाते, तेव्हा ही चिठ्ठी नुसत्या कायद्यापुरती समजू नकोस.

त्या बाईंना या आठवड्यातच उत्तर पाठव. असं लिहिलंस तरी चालेल : 'ताई, तुमची कल्पना मला फार आवडली. चपला खऱ्या कातड्याच्या, हाताच्या वेणीच्या आणि गोंड्याच्या असतील. जोडाला २६० रुपये, एकूण ६,२४०, निम्मे आगाऊ. मापासाठी एक बाहुली माझ्याकडे पाठवा. आधी एक जोड करून दाखवते, तो पसंत पडला तरच पुढचं काम सुरू करेन. आगाऊ रक्कम मिळाल्यापासून तीन आठवड्यांत सगळे जोड मिळतील.' त्यांचं बजेट खरंच कमी असेल तर जोड कमी कर, फक्त नवरीकडच्या बाहुल्यांना चपला घालू म्हण, किंवा गोंडा वगळून २२० पर्यंत ये. त्याखाली आल्या तर नमस्कार करून सोडून दे आणि तेवढ्या संध्याकाळी फर्म्यांचा संच पुरा करायला वापर.